आवाज काढून मिळणार नाही

"हात काढ. तिच्या मानेवरचा हात काढ आधी!"

सदा ओरडत होता. शिनोलीत दवाखाना टाकल्यापासून ज्यानं कुत्र्यालासुद्धा कधी हाड् केलं नाही, तो माणूस असा ओरडला की कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा सांगाडा हलला, आणि मी छाती ठोकून सांगतो, भीमाशंकरला निघालेली एसटी दारात थांबली. खुर्चीत माझी धाकटी बहीण हिरा. तिच्यामागे तिचा नवरा बबन, घाटघरचा. एक हात तिच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यावर. दाढी झाल्यावर गावचा न्हावी मान मोडतो ना, अगदी तसा.

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावात टोमॅटोच्या लिलावात होतो. झोपेतच गेला म्हणे... त्या गलक्यातही मला ऐकू आला तो हाच आवाज.

सदा कायरोप्रॅक्टर. म्हणजे मणके-सांधे हातानं मोकळे करणारा. आमच्याकडं त्याचा सरळ 'हाडमोड्या' झाला. जुन्नरच्या एका पैलवानाची पाठ त्यानं मोकळी केली, हाडांच्या त्या कडाक्यानं लेण्याद्रीची माकडं डोंगर सोडून पळाली, ही बातमी मीच पसरवली होती. मग काय, माणसं कडाका ऐकायलाच येऊ लागली. आणि हा बाबा गुडघा दाखवला की पाऊल बघायचा, अनवाणी चालायला लावायचा. झोप कशी, जेवण काय, चूल किती उंच, सगळं विचारायचा. शेवटी वैतागून त्यानं भिंतीवर पाटी लावली: 'इथे आवाज काढून मिळणार नाही.'

त्या दिवशी हिराच्या दोन्ही हातांची बोटं सुजलेली. सकाळी भाकरी थापायला मूठ उघडत नव्हती, मानही धरलेली. सदानं तिला बराच वेळ बोलतं केलं, मग हात मागे घेतले. "हे सांधे नुसते आखडलेले नाहीत. आतून सूज आहे, अंगभर. मानेत असेल तर एका झटक्यात हातपाय जातील. आधी रक्त तपासा, मानेचा एक्स-रे काढा, सांधेवाताच्या डॉक्टरला दाखवा."

"एवढ्या लांबून हे ऐकायला आलो व्हय?" बबन म्हणाला. "आमचा न्हावी फुकटात मोडतो, राव. तुमी नाय तर मी मोडतो."

आणि त्यानं हात घातले. सदा ओरडला. हिरा डोळे मिटून बसलेली. बबनची बोटं एकेक करून सुटली.

एक्स-रेत मानेचा वरचा मणका सरकलेला निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून पहिलंच विचारलं, मानेला कुणी झटका तर दिला नाही ना? बबननं दोन्ही हात खिशात घातले. गळ्याला पट्टा आला, औषधं सुरू झाली. सदानं त्या मानेला कधीच हात लावला नाही. त्यानं हिराची चूल ओट्यावर चढवली, विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळायला लावल्या, दुपारची विश्रांती सक्तीची केली, आणि बोटांचे हलके व्यायाम स्वतः समोर बसून करून घेतले. हळूहळू हिरा परत भाकरी थापू लागली. बबन मात्र सदाशी बोलला नाही. यायचा, त्या पाटीखाली बसायचा, हिराला घेऊन जायचा.

पाटी अजून तिथंच आहे.

सदाच्या दहाव्याला नदीवर भावकीची मुंडणं चालली होती. सगळ्यात शेवटी बबन न्हाव्यापुढं जाऊन बसला. मी म्हटलं, "पावणं, तुमाला कशाचं सुतक?" तो हलला नाही. केस उतरले. न्हाव्यानं सवयीनं त्याच्या हनुवटीखाली हात घातला, तसं बबननं त्याचं मनगट धरलं.

"मान ऱ्हाऊ द्या."

न्हावी चपापला. "बरं. पन पावणं, तुमी मयताचे कोन?"

"पेशंटचा नवरा."