सावळारामची फुंकर

पासलीहून वेल्ह्याला जाणारी सकाळची जीप सुटण्याआधी एक प्रकार होतो. सावळाराम ड्रायव्हर पुढच्या सीटवर बसलेल्या बाळाबाईसमोर वाकतो आणि तिच्या तोंडावर हलकेच फुंकर मारतो. म्हातारी डोळे मिटते, हुंगते आणि म्हणते, "सुटू दे गाडी." मगच चावी फिरते.

मी पासलीच्या उपकेंद्रात नर्स आहे. आठवड्यातून दोनदा लशी आणायला याच जीपने खाली उतरते. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फिदीफिदी हसले. बाकी जीपमध्ये कोणीच हसलं नाही, म्हणून हसू आवरलं.

हळूहळू कळलं. बाळाबाई ही सावळारामची सासू. अकरा वर्षांपूर्वी तो बायकोला, रत्नाला, घेऊन कामथडीहून एका लग्नातून परतत होता. जेवणाआधी मित्रांनी एक पेला पुढे केला, एकच. पासलीच्या अलीकडच्या वळणावर जीप भाताच्या खाचरात गेली. रत्ना पुढच्या सीटवर होती. ती जागीच गेली आणि याला नुसतं खरचटलं. पोलिसांनी रक्त तपासायला पाठवलं. शंभर मिलीलिटर रक्तात सव्वीस मिलिग्रॅम दारू निघाली. कायद्याची रेघ तिसावर. म्हणजे साहेब शुद्धीत होते! रस्ता ओला होता, गाडी घसरली, असं लिहून कागद मिटला.

तो कागद घेऊन सावळाराम घरी आला तेव्हा बाळाबाई दारात उभी होती. "कायद्यानं सोडलं आसंल, म्या न्हाई सोडलं," ती म्हणाली. "उद्यापासनं गाडी काडायच्या आदी माझ्याम्होरं तोंड आणायचं."

त्या दिवसापासून ती रत्नाच्या जागेवर बसते. वेल्ह्यात तिचं काडीचं काम नसतं. स्टँडवर एक चहा पिते आणि त्याच जीपने परत येते. एवढ्या वर्षांत तिने त्याला ना नावाने हाक मारली, ना जावई म्हटलं. बोलायचीच वेळ आली तर "ड्रायव्हर".

दर आखाडात सावळाराम माझ्याकडे कोरा कागद घेऊन येतो, कारण माझं अक्षर बरं आहे. अर्ज दिल्लीला. तिसाचा आकडा काढून शून्य करावा, ही विनंती. ग्रामसभेतही त्याने ठराव मांडला होता. टेम्पोवाला पप्पू म्हणाला, "एका बाटलीनं काय व्हतंय, नाना?" सावळाराम म्हणाला, "सव्वीसानं काय व्हतं ते माझ्या घरी येऊन बघ." ठराव मंजूर झाला. उत्तर मात्र कुठूनच आलं नाही.

मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, कोण वाचतं हे?"

"वाचंल कुणीतरी," तो म्हणाला. "बाई, कायद्यात अजाबात न्हाई म्हनले आसते, तर म्या त्यो पेला हातात धरला नसता. थोडी चालती म्हनले, म्हून घेतली."

मी अर्ज लिहिला.

पावसाळ्यात ती जीप चालते की तरंगते, हे आत बसलेल्यालाही सांगता येत नाही. धुकं खिडकीतून आत येऊन मांडीवर बसतं. खालची खाचरं दिसत नाहीत, नुसता पाण्याचा आवाज येतो. मागच्या बाकावर मला हटकून पेंग येते आणि आपण कुठे चाललो आहोत, कोणत्या साली, हेच विसरायला होतं. रत्ना गेली त्या वळणावर सावळाराम गाडी इतकी हळू करतो की चालणारा माणूसही पुढे जाईल. एकदा म्हणाला, "धुक्यात मामींचा चेहरा दिसत न्हाई, बाई. निस्तं लुगडं दिसतं. तवा वाटतं, रत्नीच बसलीया. गाडी थांबवू नयेसं वाटतं."

गेल्या वर्षी बाळाबाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उपकेंद्रात आली. माझ्या हातून स्पिरिटची बाटली फुटली. वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाई, पाणी पुसून घ्या, पाय घसरंल कुणाचा."

"आजी, पाणी नाही, स्पिरिट आहे हे," मी म्हटलं.

"करोनात गेलं नाक," तिने खालच्या आवाजात कबूल केलं. "कुणाला सांगू नगासा."

मला रागच आला. बारा माणसांचा जीव रोज या नाकाच्या भरवशावर, आणि नाकच नाही! सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण सकाळी सावळाराम फुंकर मारायला वाकायचा, ती डोळे मिटायची, आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसायची.

यंदाच्या आखाडात शिवेवरच्या म्हसोबाला नैवेद्य होता. कोंबडं, भात आणि दारू. गाडीवाल्यांनी पहाटेच जायचं, ही रीत. दगडावर बाटली ओतून झाली की गेनू भगत उरलेली एकेका झाकणाने सगळ्यांच्या तोंडात घालतो. देवाचं तीर्थ. त्याला नाही म्हणायची छाती गावात कोणाची नाही.

साडेसातला आम्ही जीपमध्ये बसलो होतो. सावळाराम आला, बाळाबाईसमोर वाकला आणि तसाच राहिला. ओठ घट्ट मिटलेले. म्हातारीने डोळे मिटून नाक वर केलं होतं. फुंकर आलीच नाही, तेव्हा तिने डोळे उघडले.

त्याने चावी तिच्या ओटीत ठेवली. "आज न्हाई, मामी."

"किती?"

"एक झाकण. देवाचं."

"त्यांच्या कायद्यात बसतंय की."

"बसतंय," तो म्हणाला. "तुमच्यात बसत न्हाई."

म्हातारीने चावी मुठीत धरली. "आरं, मला वास येत न्हाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "चार वर्सं झाली. तू फुकला आसतास तरी मला कळलं नसतं."

"ठावं हाय मला. तुमचं दूध उतू जाऊन करपलं, तरी तुमी शेजारीच बसून व्हता. तवाच कळलं."

त्या दिवशी जीप गेली नाही. लशी राहिल्या, मला साहेबांची बोलणी खावी लागली. ती मी खाल्ली. जाताना पाहिलं, तर दोघं जीपमध्ये तशीच बसून होती, धुक्यात उभ्या गाडीत, आणि बाळाबाई काहीतरी सांगत होती. रत्नाचं नाव मला दोनदा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सावळाराम नेहमीसारखा वाकला, फुंकर मारली. बाळाबाईने हुंगलं नाही. डोळेही मिटले नाहीत. पदराची गाठ सोडून चावी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या," ती म्हणाली. "सावकाश चालवा, जावईबापू."