नातीचा डावा पाय

माझी नात विमान चालवायला शिकत होती. दोन माणसं मावतील एवढं छोटं विमान. तिचा बाप बोईसरला कंपनीत, घर सालवडला, पण सुट्टी लागली की पोरगी शिरगावला माझ्याकडे. त्या खेपेला आली ती तोंड पाडून.

"काय गो, विमान पडलं काय?"

"पडलं नाय. गवतात गेलं."

धावपट्टीवर सुटताना विमानाचं नाक डावीकडे ओढतं, तेव्हा उजवा पाय दाबायचा असतो. ही डावा दाबायची. चार वेळा दाबला. शिकवणारे कॅप्टन म्हणाले, सुट्टीनंतरही असंच झालं तर तुला एकटीला विमान देणार नाही. आणि एकटीने उडल्याशिवाय पुढचं शिक्षण नाही.

"डोक्याला कळतं, आजी. पाय ऐकत नाय."

पाय कसे दाबते ते तिने बसून दाखवलं आणि मला लगेच समजलं. खाडीतली आमची होडी तिला सातव्या वर्षी मीच शिकवली होती. होडीत उलटं असतं. नाक उजवीकडे न्यायचं तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. चुकली की मी पाठीत धपाटा घालायची. तेच आता तिच्या पायात उतरलं होतं.

हे मी तिला सांगितलं नाही. या वयात चूक कबूल करायची सवय कशाला लावून घ्या?

दुसऱ्या दिवशी अंगणात बोंबील वाळत होते. तिला पालथ्या टोपलीवर बसवलं, पायांखाली नारळाची दोन सोडणं ठेवली. कावळे राखायचे होतेच. कावळा ज्या बाजूला, विमानाचं नाक तिकडे न्यायचं, म्हणजे त्याच बाजूचा पाय दाबायचा. चुकली की नडगीवर खराट्याची काडी.

शेजारून माझी जाऊ आली. "पोरीला काय झालं? बसल्या बसल्या नाचते ती."

"विमान चालवते."

"आन् तू?"

"मी कॅप्टन हाय."

"मंग माझ्या अंगणातले कावळेबी बघा. विमान हायच तर."

तेवढ्यात एक कावळा बरोबर समोर येऊन बसला. नात गोंधळली. "आजी, हा मधे हाय."

"दोन्ही पाय दाब. ब्रेक नाय का तुझ्या विमानाला?"

ती हसायला लागली. खरंच तसाच लागतो म्हणे ब्रेक. तोवर कावळ्याने बोंबील नेला.

आठ दिवसांत नडग्या लाल झाल्या, पण पाय ऐकायला लागले. परत गेली आणि पंधरा दिवसांनी फोन आला.

"आजी, एकटी उडले. नाक सरळ ठेवलं."

"खाली उतरलीस ना?"

"मंग फोन कुठून करते?"

"बरं," म्हटलं आणि कालवण बघायला गेले.

पुढच्या सुट्टीत आम्हा दोघी जावांना तिने होडीतून पलीकडे न्यायला घेतलं. उजवीकडे वळायचं होतं. तिने दांडा उजवीकडे ढकलला आणि होडी डावीकडच्या चिखलात शिरली. जाऊ ढकलायला उतरली ती गुडघाभर रुतली.

"विमान बरं चालवते म्हणं ही," ती चिखलातूनच बोलली.

नात दांड्याकडे बघत राहिली. मग आपल्या पायांकडे. मग माझ्याकडे.

"आजी, तुला ठाऊक होतं."

"सरक तिकडे," मी म्हटलं आणि दांडा हातात घेतला.