पेशींनी केला घात

माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, आणि हे गेल्या दसऱ्याला मला घरच्यांना ओरडून सांगावं लागलं.

भाऊ नरखेडजवळ संत्र्याची बाग पाहतो. मी धरमपेठेत बसून त्याला आरोग्यावर भाषणं देतो. ग्रीन टी घे, जिम लाव! तो ऐकत नाही याचा मला इतका संताप यायचा, की शेवटी आम्हा दोघांचं रक्त मी तपासायला दिलं. वाढदिवस काहीही म्हणो, शरीरातल्या पेशी किती म्हाताऱ्या झाल्या ते सांगणारी नवीन तपासणी! दसऱ्याला सगळे सोनं द्यायला आमच्याकडे जमले, तेव्हा मी मुद्दाम पुतणीला रिपोर्ट मोठ्याने वाचायला लावला.

"बाबा, चोपन्न. काका..." ती अडखळली. "सत्तर."

मी छप्पन्नचा आहे!

"बरोबरच हाय," बायको म्हणाली. "रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल, सकाळी तर्री-पोहे, दिवसभर तोंडात तंबाखूचा खर्रा. वरून हा राग. पेशी बिचाऱ्या काय करतीन?"

"मी रागावतो? मी?" (टीपॉयवरचा ग्लास आधीच काठावर होता. माझा हात फक्त लागला.)

"घ्या, अजून दोन वर्षं वाढले," बायको म्हणाली.

"काहून चिडून राहिला गा?" भाऊ म्हणाला. "मी दिवसभर बागेत चालतो, आठ वाजले की मले झोप येते. त्याले मी काय करू?"

आमच्याकडे पहिलं सोनं भाऊला देतात, त्याच्या पाया पडतात. त्या दिवशी सगळी रांग माझ्याकडे वळली. त्यात सगळ्यात पुढे, हातात आपट्याची पानं घेऊन, खुद्द भाऊ!

"आता तूच मोठा गा," असं म्हणून तो वाकायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊ, सरळ उभा राहा! पाया मी पडणार!" मी झपकन वाकलो. कमरेत कट्ट झालं.

"आशीर्वाद देला न, ऊठ आता."

"उठता येत नाही!"

भाऊने पानं खिशात कोंबली, काखेत हात घालून मला अलगद उचललं आणि सोफ्यापर्यंत नेलं. धाकटा मीच आहे, हे अखेर सगळ्यांसमोर सिद्ध झालं. भावाच्या कडेवर.