मुलांनी गाळलेली ओळ

मी देवाशी भांडत होते, हे आधीच सांगून टाकते. त्या उन्हाळ्यात आमच्या लुसीला टायफॉईड झाला. मालवणच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि कोल्हापूरला न्यायला सांगितलं. मला आठवा महिना लागला होता, घाटातले एसटीचे धक्के मला झेपणार नव्हते. म्हणून माझा नवरा जुजे एकटाच तिला चादरीत गुंडाळून घेऊन गेला. पाच वर्षांची पोर ती. गाडी हलली तेव्हा तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी मागे राहिले, आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. चुलीवरचा भात करपायचा, विहिरीवर ठेवलेली कळशी तिथेच राहायची. रात्री पडले की पोटातलं बाळ लाथा मारायचं आणि दिवसा मी घरभर येरझाऱ्या घालायची.

मी शाळेत शिकवायची. मे महिन्याच्या सुटीत देवळात पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी, मुलांची तयारी करून घ्यायची, तेही काम माझ्याकडेच असे. आमची जुनी माणसं या धर्मशिक्षणाला दोतोर्न म्हणतात. फादर वयस्कर, गोव्याकडचे. ते म्हणाले, “अवंदा रवांदी गो. तू घरी बस.” यंदा राहू दे म्हणे, पण घरी बसून करणार काय होते मी? दुसऱ्याच दिवशी मुलांना गोळा करून देवळाच्या पडवीत बसले.

त्याच सुमारास मिस्सा, आमची रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत येऊ लागली होती. घरोघरी प्रार्थना पाठ होत्या त्या जुन्या कोकणीतल्या. मराठीतल्या नव्या प्रार्थना फादरांनी मला तोंडी शिकवल्या होत्या, छापील पुस्तकं अजून आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे मी एक ओळ म्हणायची आणि मुलांनी मागून म्हणायची, अशी आमची पद्धत. माझ्या तोंडून निघेल तेच त्यांचं पुस्तक. घरच्यांनाही त्या प्रार्थना नवीन, तेव्हा चूक काढणार कोण? तोंडानं मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवत होते आणि मनात माझा सौदा चालला होता. तुझी ही सगळी पोरं मी तयार करून देते, तू माझी एक मला परत दे. दररोज हेच. सौद्यात समोरचा काही बोलत नाही म्हटल्यावर माणूस जास्तच चिडतो, तशी मी चिडत होते.

दुपारी घाटावरची गाडी यायची वेळ झाली की मी स्टँडवर जायची. जुजेचा निरोप कंडक्टरच्या तोंडी यायचा. तो भला माणूस मला लांबूनच बघायचा आणि खाली उतरायला उगाच वेळ लावायचा. “बाई, ताप उतराक नाय,” तो सांगायचा. “आणि चेडू काय एक खायना. भरवलला थुकून टाकता.” लुसीला माझ्याच हातून जेवायची सवय. ते ऐकलं की परत येताना वाटेतल्या क्रुसाच्या पायरीवर मला टेकावं लागायचं. तिथे बसून मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

कम्युनियनच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, फादर मुलांची परीक्षा घेत. ज्याला प्रार्थना येत नाही त्याला दुसऱ्या दिवशी कम्युनियन नाही, हा नियम कडक होता. आयांनी पांढरे झगे शिवून ठेवलेले, पाहुणे आलेले, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. पहिली मुलगी उभी राहिली आणि घडाघडा म्हणून मोकळी झाली. फादरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसऱ्याला म्हणायला लावलं, मग तिसरीला. मग सगळ्यांना एकदमच म्हणायला सांगितलं. मुलांचा सूर कसा छान लागला होता! तुझे राज्य येवो, आणि लगेच, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.

“मदली एक ओळ खंय गेली रे?” फादरांनी विचारलं.

पहिली मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाईंनी शिकवल्यानी तसाच म्हटलंय, फादर.”

कुठली ओळ ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. इतके दिवस शिकवलं आणि ती एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडली नव्हती. मुद्दाम गाळली म्हणाल, तर शपथेवर सांगते, नाही. जिभेनंच ती परस्पर ओलांडली होती. फादर माझ्याकडे, माझ्या पोटाकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “सांग तेंका, बाय. तुज्या तोंडान सांग. तीं तुजेकडल्यानच शिकतात.”

मी बाकाची पाठ धरली. मुलं तोंडं वर करून वाट बघत होती, त्यांचं उद्याचं सगळं माझ्या एका ओळीवर अडलं होतं. मी म्हटली. आवाज फाटला, पण म्हटली. आणि ती ओळ त्या सगळ्या कोवळ्या गळ्यांतून माझ्याकडे परत आली, खणखणीत. मला ती जड झाली होती, त्यांना नव्हती. मी पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडले. फादरांनी सगळ्यांना पास केलं.

तशीच स्टँडवर गेले. कंडक्टर गाडी थांबायच्या आधीच दारात उभा होता. “बाई, तुमच्या चेडवान काल पेज खाल्ल्यान! ताप पण उतारलो!”

पुढचं जुजेनं घरी आल्यावर सांगितलं. इस्पितळात शेजारच्या खाटेवर जामसंड्याच्या एका म्हातारीचा नातू होता. ती आवारात चूल मांडून त्याच्यासाठी उकड्या तांदळाची पेज करायची. लुसी काही खात नाही हे बघून ती वाटी घेऊन आली आणि खुशाल खोटं बोलली, “तुझ्या आवशीन धाडल्यान हा. गरम आसा तोवर खा.” लुसीनं तोंड उघडलं. जुजेनं घाईत त्या म्हातारीचं नावसुद्धा विचारलं नाही. पुढे जामसंड्यात आम्ही चौकशी केली, पण ती भेटली नाही. माझ्या नावानं माझ्या लेकीला जेवू घालणारी ती बाई कोण, हे मला आजही ठाऊक नाही.

मी कितीदा तरी हिशेब मांडून पाहिला. पेज आदल्या दिवशीची, ओळ दुसऱ्या दिवशीची. म्हणजे देवानं माझ्या ‘होवो’ची वाटसुद्धा पाहिली नव्हती. माझा सौदा, माझा राग, माझी गाळलेली ओळ, सगळं तसंच असताना वाटी लुसीच्या तोंडाशी पोचली होती. जिच्यासाठी मी एवढी झटापट केली, ती कृपा माझ्या आधीच निघाली होती.

लुसी परत आली ती डाव्या कानानं बहिरी होऊन. बाळंतपण सुखरूप झालं. लुसी पुढे माझ्याच वर्गात बसली आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. मी अजून शिकवते. अजून त्या ओळीपाशी माझा आवाज अडतो. मुलं मात्र आता माझ्यासाठी थांबत नाहीत, ती पुढे जातात, आणि मी त्यांच्या मागून म्हणते.