मागच्या चाकाचे पॅड

टॉवेलच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर उभी आहे. टॉवेल समोर आला की तो उजेडाकडे धरायचा, उलटा करायचा, किनार ओढून बघायची आणि दोष शोधायचा. सुटलेला धागा, ग्रीसचा डाग, एखाद्या कोपऱ्यात विरळ पडलेली लव. सलग दहा टॉवेल चांगले निघाले तर मला बरं वाटायचं सोडून धास्ती वाटते, की नजर चुकतेय का काय. ही सवय कारखान्याच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. बाजारात मी वांगं दाबून बघते, गॅसची टाकी आली की हलवून बघते, आणि कुणी नातेवाईक फार गोड बोलायला लागला की याचं काय काम असेल, याचा विचार करते.

त्यामुळे माझी मुलगी जेव्हा म्हणाली, की ब्रेकचे नवे पॅड बारा दिवसांत संपले, तेव्हा मी कुकर बंद केला आणि विचारलं, “कुणी फसवलं?”

ती वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या सायकलीला सीट नाही. पहिल्यांदा ती घरात आणली तेव्हा मला वाटलं, विकणाऱ्याने सीट काढून घेतली. तसं नसतं. ही सायकल बसायची नसतेच. उभं राहून तिच्यावर उड्या मारायच्या, दगडावरून दगडावर, भिंतीवरून भिंतीवर, पाय जमिनीला न टेकवता. पुण्यात अशी सायकल चालवणारी बरीच मुलं आहेत म्हणे. सोलापुरात, आमच्या पूर्व भागात ही एकटीच. गल्लीमागच्या मोकळ्या जागेत ड्रेनेजचे मोठाले सिमेंटचे पाइप कधीपासून पडून आहेत. ते कुणी बसवत नाही आणि उचलतही नाही. ती त्यांच्यावर चढते.

साध्या सायकलीचा ब्रेक वेग कमी करायला असतो. हिचा ब्रेक जागच्या जागी खिळून राहायला असतो. मागचं चाक पाइपाच्या कडेवर टेकवून ती एका बोटाने ब्रेक दाबते, आणि मग तिचा सगळा भार बोटाएवढ्या दोन तुकड्यांवर येतो. ते तुकडे रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात. ते म्हणजे पॅड. पकडले तर ती वर उभी, सुटले तर ती खाली. हे समजल्या दिवसापासून मला त्या दोन तुकड्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

बारा दिवसांत संपलेले पॅड घेऊन मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे गेले. त्यांनीच ते बसवले होते.

“अक्का, हे साधे पॅड हाय,” ते म्हणाले. “साध्या रिमवर दोन साल जातील. ह्या पोरीच्या रिमची कड मशिननं घासून खरबरीत केलीय, पकड यावी म्हणून. ती पॅडला खाती.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“बेटीला सांगितलं होतं की. ती म्हणली, दुसरे मिळस्तोवर चालवते.”

म्हणजे घरातही काहीतरी लपवलं जात होतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

मग टिकाऊ पॅड शोधायचं काम सुरू झालं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण या विषयावर आमची भांडणं मराठीत झाली, कारण पॅडला तेलुगूत काय म्हणतात ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. सोलापुरात असले पॅड कुणी ठेवत नाही. ती मोबाइलवर दाखवायची. मऊ पॅड चटकन पकडतात पण लवकर झिजतात. कडक पॅड पुष्कळ टिकतात पण साध्या रिमवर घसरतात. घासलेल्या रिमसाठी म्हणून काही वेगळे कडक पॅड येतात, त्यांची मागची पट्टी प्लॅस्टिकची नसून ॲल्युमिनियमची असते, म्हणजे दाबल्यावर वाकत नाही. मी खालची मतं वाचायची. “पाच-पाच चांदण्या देणारी ही सगळी माणसं एकाच आठवड्यात कशी काय खूश झाली?” मी विचारायची, आणि ती मोबाइल माझ्या हातातून काढून घ्यायची.

शेवटी ज्याच्याकडून सायकल घेतली होती, त्या पुण्याच्या मुलाने त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवाल्या कडक पॅडचीच शिफारस केली. याला त्यात काय मिळतंय, असंही माझ्या मनात आलं. पार्सल आल्यावर मी पॅड नखाने दाबले, नाकाशी धरले, फूटपट्टीने जाडी मोजली आणि ती कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. एवढं करून, दोष असलेल्या टॉवेलवर खूण करायचा जो मार्कर माझ्या पिशवीत असतो, त्याने प्रत्येक पॅडच्या मागे बारीक ठिपका दिला. दुकानात कुणी बदलले तर कळावं म्हणून.

चाचांनी पॅड उलटा करून बघितला. “हे ठिपके कंपनीचे हाय का तुमचे?”

“कंपनीचे,” मी म्हणाले. ते दाढीत हसले आणि कामाला लागले.

पहिल्या संध्याकाळी ब्रेक असा काही ओरडला की गल्लीतली कुत्री उठून बसली. ती पाइपाच्या कडेवर मागच्या चाकावर उभी राहिली, हलली नाही, आणि मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून त्या चाकाची राखण सुरू केली. आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी परत पुसावी लागते. रोज कामाला जायच्या आधी मी दोन्ही रिम गोल फिरवून पुसायची. जुनं फडकं नाही, घरात होता तो कोरा टॉवेल त्यासाठी काढला होता. रविवारी फूटपट्टी लावायची.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “जरा सरकतंय.”

दुसऱ्या आठवड्यात ब्रेकचा आवाजच बंद झाला. मी जाडी मोजली. कॅलेंडरमागे लिहिली होती तेवढीच. पॅड झिजतही नव्हते आणि धरतही नव्हते. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी पॅड काढायला लावून ठिपके बघितले, ते जागेवर होते. पॅड विकणाऱ्याला तक्रार लिहिली, त्याचं उत्तर आलं की बाकी कुणाचीच तक्रार नाही. हे उत्तर तर मला फारच संशयास्पद वाटलं. खोटा माल असणार. नाहीतर पुण्याच्या मुलाने ठरवून गळ्यात मारला असणार. नाहीतर चाचांनी बसवताना तेलाचा हात लावला असणार. हे शेवटचं मी त्यांना तोंडावर बोलले.

त्यांनी पाना खाली ठेवला. “अक्का, तीस साल ह्याच हातानं ब्रेक बसवतोय. तेलाचा हात कुटं लावायचा न्हाय, ते मला कळतं.”

दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी तशीच निघून आले. माझं समाधान झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती पडली. मागचं चाक पाइपाच्या कडेवरून घसरलं आणि हनुवटी सिमेंटवर आपटली. तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना रिक्षात मी विकणाऱ्याला, चाचांना, पुण्याच्या मुलाला, सगळ्यांना नावं ठेवत होते. ती रुमाल हनुवटीला धरून बाहेर बघत होती. मग म्हणाली, “पॅडचं काय न्हाय, अम्मा. तू मोजलेस की. माझंच बोट सुटतंय. मी भितेय.”

तिने एक मऊ चेंडू आणला. अभ्यास करताना, टीव्ही बघताना ती उजव्या हाताने तो दाबत बसायची. तर्जनी वेगळी, मग सगळी बोटं. पाइपांकडे पुन्हा गेली, पण खालच्या पाइपावरच. तिथेही चाक सरकलं की ती उतरून आपल्या बोटाकडे बघायची. तीन आठवड्यांनी चेंडू कपाटावर गेला. “पुण्याच्या पोराला फोन केला,” ती म्हणाली. “येत्या रविवारी येऊन सायकल परत घेऊन जातो म्हणला.”

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. टाके पडायचे नाहीत, पाइप नाहीत, कटकट संपली. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण ती पोर लहानपणापासून कशालाच भ्यायली नव्हती. रिम पुसायचं मात्र मी सोडलं नाही. दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू स्वच्छ जावी, म्हणून उलट जास्तच रगडून पुसत होते.

गुरुवारी कारखान्यात नवा लॉट टेबलावर आला. टॉवेल पाणी शोषतो का, हे बघायला आम्ही त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडतो. चांगल्या टॉवेलमध्ये थेंब लगेच जिरतो. या टॉवेलवर तो गोल उभा राहिला. मी टॉवेल तिरका केला, तर थेंब घरंगळून टेबलावर पडला. हाताला मऊ लागावा म्हणून शेवटच्या धुण्यात सॉफ्टनर घालतात, ते जास्त झालं की असं होतं. बोटांना बुळबुळीत लागतं आणि पाणी धरत नाही.

“परत गेल्या खेपेसारखंच,” मी शेजारणीला म्हणाले, आणि लॉटवर फुली मारली. गेल्या खेपेचा लॉटही मीच नापास केला होता. तो नापास माल कामगारांना वाटला होता. मी सहा टॉवेल घरी नेले होते. अंग पुसलं जात नाही म्हणून घरच्यांनी ते बाजूला टाकले, आणि त्यातला एक मी सायकलीजवळच्या खिळ्याला अडकवला होता.

मार्कर माझ्या हातातून पडला नाही की काही झालं नाही. मी पुढचा टॉवेल ओढला. पण त्या दिवशी मी काय काय पास केलं, ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर चप्पल न काढता वाटीत पाणी घेतलं. आधी नवऱ्याच्या जुन्या सायकलीच्या रिमवर थेंब सोडला, तो पसरला. मग हिच्या रिमवर सोडला. त्या खरबरीत कडेवर तो गोल उभा राहिला आणि घरंगळून खाली गेला. मी पुन्हा सोडला. मग आणखी दोनदा.

दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी सायकल ढकलत चाचांकडे नेली. त्यांना सगळं सांगितलं, टॉवेलसकट. ते हसतील, बोलतील, अशी तयारी करून गेले होते. त्यांनी रिमवरून अंगठा फिरवला, दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली आणि म्हणाले, “निघंल की. साबण, मग स्पिरिट. रिम परत घासतो, पॅडचं तोंड पण घासून देतो.”

“पॅड खराब नाहीत?”

“पॅड लई चांगले हाय. लई दिस जातील.”

“माझं चुकलं, चाचा. तुम्हाला मी नको ते बोलले.”

“ते राहू द्या. ठिपके तुमचेच होते ना?”

“हो.”

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले, आणि चाक सोडवायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी सायकल पुन्हा जागेवर उभी होती. आता फक्त गप्प राहायचं होतं. रविवारी तो मुलगा येणार, सायकल जाणार, पोरीची हनुवटी जन्मभर शाबूत राहणार. कुणाला काही कळलं नसतं. दिसलेला दोष मी एकोणीस वर्षांत एकदाही पुढे जाऊ दिलेला नाही, आणि त्या रात्री जेवताना मी हा दोष पदराखाली घेऊन बसले होते. जेवण झालं, ती पुस्तक घेऊन बसली, आणि वाचता वाचता तिची तर्जनी टेबलाच्या कडेवर दाबायला लागली. दाबायची, सोडायची, बघायची. तिचं तिलाही कळत नव्हतं.

तरी शुक्रवार गेला. शनिवारी कारखान्यातून आले आणि दारातच सांगून टाकलं. टॉवेल, सॉफ्टनर, रोजचं पुसणं, सगळं.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती खिळ्याला टांगलेल्या टॉवेलकडे वळली. “इतके दिवस मी ह्या बोटाला शिव्या घालत होते, अम्मा,” ती म्हणाली. एवढंच. मग हेल्मेट घेतलं.

मी नेहमीसारखी सायकल उचलायला पुढे झाले.

“थांब. हात लावू नको. हात पुढं कर.”

मी हात पुढे केला. तिने माठातलं पाणी बोटावर घेऊन एक थेंब माझ्या तळव्यावर सोडला. दिवसभर मी तोच लॉट घड्या घालून परत बांधत होते. थेंब गोल उभा राहिला.

“नापास,” ती म्हणाली. हसली नाही. सायकल तिने स्वतः उचलून बाहेर काढली.

मी मागून गेले, चार पावलं अंतर ठेवून, हात मागे बांधून. ती खालच्या पाइपाकडे वळलीच नाही. वरच्या पाइपाशी गेली, दोनदा जागेवर उसळली आणि उडी मारली. मागचं चाक कडेवर टेकलं आणि ब्रेक ओरडला, कुत्री उठली. ती वर उभी होती. हनुवटीवरचा लाल व्रण इथूनही दिसत होता. मला खाली उतर म्हणून ओरडायचं होतं, आणि पडू नकोस म्हणून, आणि माफ कर म्हणून. तिने ब्रेकवरचा उजवा हात थोडा तिरका केला, मला दिसेल असा.

“अम्मा, बघ,” ती वरून म्हणाली. “एकच बोट हाय.”

मी बघितलं. एकच होतं.