अण्णांनी पुसलेलं लिनक्स

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर अण्णा घरातल्या जुन्या कंप्युटरच्या मागे लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी, फुकटातली सिस्टिम बसवली. मशीन लावलं की आधी 'दोन्हीतलं कुठलं उघडू' असं विचारणारा पडदा यायचा. त्याचं अण्णांना इतकं कौतुक, की पाहुण्यांना चहाच्या आधी तो पडदा दाखवला जायचा.

पुढे ते कंटाळले. मी सुट्टीला सोलापुरात आले होते, त्या रविवारी सकाळी त्यांनी विंडोज उघडून लिनक्सची सगळी जागा पुसून टाकली, मशीन बंद केलं आणि दाढी करायला गेले.

आई विहारातल्या बायकांच्या गाण्याच्या गटाची म्होरकी. संध्याकाळी टेंभुर्णीला त्यांचा कार्यक्रम होता आणि गाणी मोठ्या अक्षरांत छापून न्यायची होती. तिने कंप्युटर लावला, तर काळाकुट्ट पडदा, वर इंग्रजीच्या दोन ओळी आणि लुकलुकणारी रेघ. तिने अण्णांना काही विचारलं नाही. सरळ मला हाक मारली.

"गाणी गेली का गं?"

गाणी आत सुखरूप होती. मशीन चालू झालं की एक छोटा प्रोग्रॅम विंडोजला उठवतो. तो लिनक्सबरोबर आलेला, आणि त्याचा बराचसा भाग लिनक्सच्याच जागेत राहायचा. ती जागा गेल्यावर विंडोजला उठवणारं कुणी उरलं नाही. मी हे सांगत होते तोवर अण्णा गालाला साबण तसाच ठेवून दारात येऊन उभे राहिले.

"मी लिनक्स पुसलं की. विंडोजला हातबी न्हाय लावला."

दुरुस्तीसाठी माझ्या लॅपटॉपवर नेटवरून विंडोज उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायचं होतं आणि घरचं नेट रडतखडत चालत होतं. तेवढ्यात गटातल्या बायका एकेक करून यायला लागल्या. पहिलीला अण्णांनी सांगितलं, अपडेट चाललंय. दुसरीला सांगितलं, लाइट कमी-जास्त झाली. तिसरी आली तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "ह्यांनी साफसफाई केली." बायका पदराआड हसल्या आणि सतरंजीवर बसून पाठ असलेली गाणी म्हणायला लागल्या.

पेन ड्राइव्ह तयार झाला. त्यावरून मशीन सुरू करून मी दुरुस्तीची काळी खिडकी उघडली आणि टाइप करायला गेले, तर अण्णांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"तू सांग. मी दाबतो."

एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत त्यांनी आदेश लिहिला. मधली मोकळी जागा सोडायची राहिली आणि मशीनने तो झिडकारला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लिहिला. या वेळी काम झाल्याची ओळ आली. मी पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा लावलं. विंडोजची निळी खिडकी दिसली तशी अण्णांनी बायकांकडे अशी नजर टाकली, की जणू बिघडवलं दुसऱ्याच कुणीतरी होतं.

गाणी छापून झाली. जीप दारात आली. बायका बसल्या, पण आई परत घरात आली, कीबोर्डची वायर काढली आणि तो गाण्यांच्या कागदांबरोबर पिशवीत घातला.

"ह्यो कशाला नेतीस?" अण्णांनी विचारलं.

"रातच्याला आणते की," म्हणत ती जीपमध्ये जाऊन बसली.