बुधवार पेठेतली चाकांची खुर्ची

आमच्या कोपऱ्यावरून थेट दवाखान्याच्या दारात जाणारी बस प्रवासी मिळत नाहीत म्हणून बंद झाली. ते न मिळालेले प्रवासी म्हणजे आम्हीच! सोसायटीत सगळ्यांनी गाड्या घेतल्या, मीही घेतली. (“ऐन वेळी हाताशी असलेली बरी,” हे मीच बायकोला, मधुराला, पटवलं होतं.)

ऐन वेळ आली ती बुधवार पेठेत, भर संध्याकाळी. मागच्या सीटवर कळा सोसणारी मधुरा, तिला धरून बसलेल्या सासूबाई आणि पुढे नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या! त्यात हे दुसरं बाळंतपण. “कळा सुरू झाल्या की लगेच निघा,” असं डॉक्टरांनी बजावलेलं.

“निखिल, हलतेय का गाडी?”

“हलेल आता!”

“मघापासून हेच म्हणतोयस!” तिने मागून माझा खांदा असा आवळला, की मी हॉर्नवरच आदळलो.

शेजारच्या दुकानाचे मालक बाहेर आले. “हॉर्न वाजवून रस्ता रुंद होतो का?” मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. ते आत धावले आणि गल्ल्यामागची स्वतःची चाकांची खुर्ची घेऊन आले. मधुराला तीत बसवून ते दवाखान्याकडे ढकलत निघाले. पुढे सासूबाई, “सरका! अहो, सरका!” त्या रस्त्यावर हलणारं तेवढं एकच वाहन होतं.

मीही दार उघडलं. तोच वाहतूक पोलीस हजर!

“गाडी सोडून कुठे?”

“बायको बाळंत होतेय!”

“अभिनंदन. गाडी बाजूला घ्या.”

“बाजू कुठे आहे?”

त्यांनी चौफेर पाहिलं. “मग पुढे घ्या.”

इंचाइंचाने पुढे घेतली. दवाखान्यासमोर जागा नाही, पुढच्या गल्लीत नाही, त्यापुढे एकेरी वाहतूक. सासूबाई फोन उचलेनात. मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी जागा मिळाली. आमच्याच सोसायटीत, माझीच! तिथून मी पळत सुटलो.

दवाखान्याच्या दारात नर्सने अडवलं.

“अहो, मी बाळाचा बाप! कसे आहेत दोघं?”

“मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.” मग तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. “पण बाप तर खुर्ची ढकलत केव्हाच आले. त्यांचे पेढेही वाटून झाले. आजी म्हणाल्या, ड्रायव्हर मागून येतोय. ते आपणच ना?”

“हो,” मी म्हणालो, “पण तेही नीट जमत नाही.”